‘सायबरस्पेस’ या शब्दाची कुळकथा



या व्याख्यानमालेत संतसाहित्यावर, रंगभूमीवर, होळकरांच्या काळावर बोलणारे विद्वान येऊन गेले आहेत. त्यांच्या मागोमाग गोड गोळ्या देणारा एक डॉक्टर उभा राहतो आणि विषय घेतो इंग्रजी विज्ञानकथेतल्या एका शब्दाचा, हे काहींना खटकले असेल. माझ्या बाजूने एवढेच सांगतो की माझ्या धंद्याचे नाव हाच मुळात एक ग्रीक जोडशब्द आहे. हानेमान यांनी ‘होमोइऑस’ म्हणजे सारखे आणि ‘पाथॉस’ म्हणजे व्यथा हे दोन शब्द जोडून तो घडवला. औषधांची लॅटिन नावे चाळीस वर्षे लिहून लिहून मला शब्द फोडून पाहण्याची खोड लागली आहे. आज फोडायला घेतलेला शब्द ‘सायबरस्पेस’. त्यातला पहिला अर्धा भाग, ‘सायबर’, आपल्या रोजच्या वर्तमानपत्रात असतो. सायबर गुन्हा, सायबर पोलीस, सायबर भामटे.

हा शब्द छापून आला १९८२च्या जुलैमध्ये, ‘ऑम्नी’ नावाच्या अमेरिकी मासिकात. कथा होती ‘बर्निंग क्रोम’, लेखक विल्यम गिब्सन. जन्माने अमेरिकी, राहायला कॅनडातल्या व्हँकुव्हरला. गंमत अशी की त्या कथेत हा शब्द पहिल्यांदा येतो तो एका यंत्राच्या मॉडेलचे नाव म्हणून. आपण म्हणतो ना, अमुक कंपनीचा तमुक नंबरचा मिक्सर, तसा. पुढे १९८४ साली गिब्सनची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी आली आणि शब्दाला जगभर पाय फुटले. संगणकांच्या जाळ्याच्या आत एक जागा आहे, तिथे माणूस मनाने शिरतो, वावरतो, चोरीही करतो, अशी ती कल्पना. ही कादंबरी त्याने साध्या, हाताने बडवायच्या टाइपरायटरवर लिहिली. संगणकाशी त्याची फारशी ओळख नव्हती. व्हँकुव्हरच्या रस्त्यावर व्हिडिओ गेमची दुकाने होती. तिथे पडद्याला नाक लावून खेळणारी मुले त्याने पाहिली, आणि पडद्यामागे खरोखर काही जागा आहे असेच या मुलांना वाटते आहे, असे त्याच्या मनात आले. तेवढ्यावर त्याने पुढचे सगळे रचले.

नाव कसे सुचले हेही त्याने सांगून ठेवले आहे. पिवळ्या कागदाच्या वहीत तो शब्द लिहून पाहत होता. ‘डेटास्पेस’ जमेना, ‘इन्फोस्पेस’ जमेना. मग ‘सायबरस्पेस’ लिहिला आणि तो पसंत पडला. का? तर ऐकताना काहीतरी मोठा अर्थ आहे असे वाटते आणि प्रत्यक्षात अर्थ काहीच नाही, म्हणून! त्याच्या पात्रांनी तो अर्थ भरायचा होता. त्याच्याही आधी, १९६०च्या दशकाच्या अखेरीस, डेन्मार्कमध्ये सुझान उसिंग ही कलावती आणि कार्स्टन हॉफ हा वास्तुरचनाकार ‘अॅटेलिए सायबरस्पेस’ या नावाने काम करत होते. पण त्यांचे काम माणसांनी प्रत्यक्ष शिरून पाहायच्या खोल्यांचे आणि दालनांचे होते, संगणकाशी त्याचा संबंध नव्हता. शब्द जगात रुजला तो गिब्सनमुळेच.

आता अर्थ काहीच नाही हे गिब्सनने म्हणावे, आपण का मानावे? आपल्याला शाळेत समासाचा विग्रह करायला शिकवले आहे. ‘सायबरची स्पेस’ असा षष्ठी तत्पुरुष करून पाहा, काही हाती लागत नाही. मला हा समास पुरणपोळीच्या जातीचा वाटतो, मध्यमपदलोपी. ‘पुरण भरून केलेली पोळी’ यातले मधले शब्द गळतात, तसे ‘सायबर यंत्रांच्या आत भासणारी स्पेस’ यातले गळले. पण मग सायबर यंत्र म्हणजे काय? पोळी तर आहे, पुरण कशाचे ते कळत नाही. त्यासाठी दोन अडीच हजार वर्षे मागे जावे लागते.

ग्रीकमध्ये ‘कुबेर्नेतेस’ असा शब्द आहे. (आपल्या कुबेराशी त्याचा काही संबंध नाही. पुढच्या आठवड्यात कोणी मोबाइलवर तसा संदेश पाठवला तर कृपया पुढे ढकलू नका.) कुबेर्नेतेस म्हणजे नावेचे सुकाणू धरणारा. महेश्वरच्या घाटावरून नर्मदेत नावेने गेलेली मंडळी इथे पुष्कळ असतील. मागे बसलेल्या नावाड्याचा हात कधी पाहिलात? एकदा दिशा ठरवली आणि सोडून दिली असे तो करत नाही. प्रवाह थोडा डावीकडे ओढतो, तो थोडे उजवीकडे वळवतो. जास्त वळले असे दिसले की परत सैल सोडतो. सतत पाहणे आणि सतत थोडे थोडे सुधारणे, एवढेच त्याचे काम.

प्लेटोच्या ‘गॉर्गियास’ या संवादात सॉक्रेटिस या सुकाणूवाल्याविषयी बोलतो, ते मला डॉक्टर म्हणून फार आवडते. हा माणूस इजिनाहून तुम्हाला बायकापोरांसह सुखरूप आणतो आणि दोन ओबोल घेतो. इजिप्तहून आणले तर फार तर दोन द्राख्मा. मग किनाऱ्यावर उतरून आपल्या नावेपाशी गुपचूप फिरत राहतो. मिजास नाही. कारण आपण ज्यांना बुडू दिले नाही त्यांचे भले केले की नाही, हे त्याला ठाऊक नसते. कोणी असाध्य रोगाने जर्जर असेल, तर न बुडाल्याने त्याचे काय मोठे साधले? आमच्या धंद्यात ही नम्रता कमी आढळते. दोन ओबोलही आढळत नाहीत.

हा ग्रीक शब्द रोमन लोकांनी घेतला तेव्हा सुरुवातीचा ‘क’ जाऊन ‘ग’ आला. ‘गुबेर्नारे’ म्हणजे सुकाणू धरणे, आणि पुढे राज्य चालवणे. त्यापासून फ्रेंचमधून इंग्रजीत ‘गव्हर्न’, ‘गव्हर्नर’, ‘गव्हर्नमेंट’. पोर्तुगीजमध्ये ‘गोव्हर्नादोर’, जो आपल्या गोव्यातल्या बांधवांनी साडेचारशे वर्षे सोसला. म्हणजे सायबर आणि गव्हर्नर ही एका आईची दोन लेकरे. आपल्याकडे अशी जोडपी भरपूर आहेत. ‘क्षेत्र’ आणि ‘शेत’ एकच, ‘क्षीर’ आणि ‘खीर’ एकच. ‘गर्भिणी’ आणि ‘गाभण’ही एकच, फक्त पहिला शब्द घरातल्या सुनेसाठी आणि दुसरा गोठ्यातल्या गाईसाठी, उलटसुलट करून पाहू नये. गव्हर्नर हा रस्त्यावर झिजलेला तद्भव आहे. सायबर हा उशिरा पुस्तकातून उचललेला तत्सम. ग्रीक ‘क’ लॅटिन लिपीत ‘सी’ने लिहिला गेला आणि इंग्रजीने त्या ‘सी’चा उच्चार ‘स’ केला, म्हणून कुबेर्नेतेसमधला ‘कु’ आपल्यापर्यंत ‘साय’ होऊन आला.

पुस्तकातून उचलला कोणी? ज्यांच्या नावाने आपण विजेचा प्रवाह मोजतो, त्या फ्रान्सच्या अँपिअरनी आपल्या विज्ञानांच्या वर्गीकरणात राज्यकारभाराच्या शास्त्राला ‘सिबेर्नेटिक’ म्हटले होते. ते कोणी लक्षात ठेवले नाही. खरा उचलला तो अमेरिकेतल्या एमआयटीचे गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी, १९४७च्या उन्हाळ्यात. १९४८ साली त्यांचे ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक आले. योगायोग म्हणजे गिब्सनचा जन्मही १९४८चाच. वीनर यांचे वडील हार्वर्डमध्ये स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक होते, त्यामुळे शब्द निवडताना मुलाने नीट पारखून निवडला. आणि निवडताना एका यंत्राची आठवण ठेवली.

ते यंत्र इथल्या पुष्कळांनी पाहिले आहे. शेतावरच्या डिझेल इंजिनात एक भाग असतो, त्याला आपला मिस्तरीसुद्धा ‘गव्हर्नर’च म्हणतो. वाफेच्या इंजिनावर जेम्स वॉटने १७८८च्या सुमारास तो बसवला. फिरत्या दांड्याला दोन गोळे लटकवलेले. इंजिन जोरात फिरू लागले की गोळे बाहेर फाकतात आणि वाफेची झडप आवळतात. वेग मंदावला की गोळे खाली येतात आणि झडप उघडते. नावाड्याचा हात लोखंडात बसवला, दुसरे काय! १८६८ साली मॅक्सवेलने या गव्हर्नरांवर एक निबंध लिहिला. गव्हर्नर हा शब्द मूळ कुबेर्नेतेसचाच अपभ्रंश, हे वीनरनी ओळखले आणि त्या निबंधाला मान म्हणून आपल्या नव्या शास्त्राचे नाव त्याच ग्रीक मुळापासून घडवले.

इथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण इथे गोष्ट आमच्या दवाखान्यात येते. दुसऱ्या महायुद्धात वीनर विमानविरोधी तोफांच्या गणितावर काम करत होते. विमान पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधून तोफ वळवायची आणि चूक दिसली की दुरुस्त करायची. पण दुरुस्ती जरुरीपेक्षा जोरकस झाली की तोफ इकडून तिकडे हेलकावे खात बसते, नेमावर येतच नाही. वीनर आणि त्यांचे सहकारी बिगेलो यांना प्रश्न पडला, माणसाच्या शरीरातही असे होते का? त्यांनी आपल्या डॉक्टर मित्राला विचारले. हे आर्तुरो रोझेनब्लूएथ, मूळचे मेक्सिकोचे, शरीरक्रियाशास्त्रज्ञ. ते म्हणाले, होते की! लहान मेंदूला इजा झालेल्या माणसाला पाण्याचा पेला उचलायला सांगा. स्वस्थ बसलेला असताना हात स्थिर असतो. पेल्याकडे नेऊ लागला की कापायला लागतो, पेला ओलांडून पुढे जातो, मागे येतो, परत ओलांडतो. हाताला जोर नाही असे नव्हे. हात कुठवर पोचला ही खबर वेळेवर आणि नीट वापरली जात नाही, म्हणून सुधारणा चुकते.

मी माझ्या रोग्यांना माझ्या बोटाला आणि मग स्वतःच्या नाकाला आळीपाळीने बोट लावायला सांगतो, ते हेच पाहायला. वीनर यांच्या शास्त्राचे बीज या तपासणीत आहे. खबर परत येणे आणि तिच्यानुसार स्वतःला सावरणे. सजीव आणि यंत्र दोघांनाही हाच नियम, असे त्यांचे म्हणणे. पुस्तक त्यांनी रोझेनब्लूएथनाच अर्पण केले. हेच वीनर पुढे १९५५-५६मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिले आणि शिकवून गेले.

मग शब्दाची मोडतोड सुरू झाली. ग्रीकमध्ये धातू ‘कुबेर्न’ असा, ‘न’सकट आहे. इंग्रजीने ‘न’च्या आधीच सुरी चालवली आणि ‘सायबर’ एवढा तुकडा तोडला. ‘हेलिकॉप्टर’चेही असेच, तो ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ असा जोडलेला, म्हणजे मळसूत्र आणि पंख, पण लोकांनी ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ असा चुकीच्या सांध्यावर तोडला. १९६० साली ‘सायबॉर्ग’ आला, सायबरनेटिक आणि ऑर्गॅनिझम यांचा जोड, आणि तो कथालेखकांनी नव्हे तर मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोन संशोधकांनी अंतराळप्रवासावरच्या लेखात घडवला. यातले क्लाइन मनोविकारतज्ज्ञ. आणि त्यांचे नाव झाले होते ते आपल्या सर्पगंधेमुळे! मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावर सर्पगंधा कशी चालते ते ब्रिटिश नियतकालिकात मांडले. त्यानंतर काही वर्षांनी क्लाइन यांनी तीच मुळी मनोरुग्णांना देऊन पाहिली. १९५७चे लास्कर पारितोषिक मिळवणाऱ्यांत दोघेही होते. हे विषयांतर झाले, पण सर्पगंधेचा अर्क माझ्याही कपाटात असल्याने राहवले नाही.

१९६६मध्ये इंग्लंडच्या ‘डॉक्टर हू’ या दूरदर्शन मालिकेत ‘सायबरमेन’ आले. अवयव बदलत बदलत शेवटी मनच हरवून बसलेली माणसे. त्यांच्या दोन निर्मात्यांपैकी एक, किट पेडलर, हा वैद्यकीय संशोधक होता. तोवर सायबर म्हणजे थंड, धातूचे, भावनाशून्य असे काहीसे झाले होते. गिब्सनच्या हाती आला तो हा तुकडा. सुकाणू त्यातून केव्हाच निखळून पडले होते, म्हणून तर त्याला तो छान पोकळ वाटला.

त्यानंतरचा प्रसंग कोणी मुद्दाम रचला असता तरी अतिशयोक्ती वाटली असती. जॉन पेरी बार्लो या अमेरिकी लेखकाने गिब्सनचा शब्द उचलून खऱ्याखुऱ्या इंटरनेटला लावला, आणि १९९६च्या फेब्रुवारीत दाव्होसहून ‘सायबरस्पेसचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा’ काढला. जगभरच्या गव्हर्नमेंटांना उद्देशून, तुमची सत्ता इथे चालणार नाही, असा त्याचा सूर. म्हणजे सायबरने गव्हर्नमेंटला घराबाहेर काढले, एका भावाने दुसऱ्या भावाला. आपल्या २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मग ‘सायबर’ शब्दापुढे ‘रेग्युलेशन्स’ लावून एक न्यायाधिकरण नेमले आणि सुकाणू परत जागेवर बसवायचा प्रयत्न केला.

आपल्या शहरात हा शब्द आला तो कॅफेच्या पाटीवर. साधारण त्याच सुमारास रामबागेत, लोकमान्यनगरात, राजेंद्रनगरात गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. तासाला इतके रुपये देऊन आपण अमेरिकेतल्या मुलाचे ई-पत्र वाचायला जात होतो, नातवाचा पहिला फोटो तिथल्या पडद्यावर वरून खाली हळूहळू उतरताना पाहत होतो. तेव्हा सायबर म्हणजे आनंदाची जागा होती. आज? माझ्याकडे येणारे सत्तरीपुढचे रोगी हा शब्द ज्या आवाजात उच्चारतात, त्या आवाजात पूर्वी प्लेगचे नाव घेत असतील.

गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. वय अठ्ठ्याहत्तर, पत्नी नाही, मुले परदेशात. झोप नाही, छातीत धडधड. दोन आठवडे औषध झाले तरी फरक नाही. तिसऱ्या खेपेला दार लावून घेतले आणि हळूच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मला सायबरने गाठलं.” हा सायबर म्हणजे कोण तर व्हिडिओ कॉलवरचा एक गणवेशातला माणूस. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेरा बंद करायचा नाही, कोणाला सांगायचे नाही. दोन दिवस हे गृहस्थ त्या फोनसमोर बसून होते. संडासला जाताना परवानगी मागत होते. शेजारी हाक मारून गेले, यांनी ओ दिली नाही. मुदतठेवी मोडून दिल्या. आयुष्यभर मुलांना भूमितीतली सिद्धता विचारणारा माणूस हो!

ते बुद्धू नव्हते. रोझेनब्लूएथ यांनी सांगितलेल्या हातासारखे त्यांचे झाले होते. चोरांनी पैशाच्या आधी त्यांची परतीची खबर तोडली. शेजारी, मुलगा, बँकेतला ओळखीचा कारकून, मी, यांतल्या एकाने जरी “अहो, असे कुठे असते का?” म्हटले असते तरी हात जागेवर आला असता. म्हणून ‘कोणाला सांगू नका’ हे त्या धंद्यातले पहिले वाक्य असते. आणि नंतरही दोन आठवडे त्यांनी मला सांगितले नाही, ते लाजेने. कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही, हे मी सांगितले तेव्हा ते बराच वेळ टेबलावरच्या बाटल्यांकडे पाहत राहिले.

आता राहिला दुसरा अर्धा शब्द, ‘स्पेस’, आणि सबंध शब्दाचे मराठी करावे का हा प्रश्न. ‘आभासी जग’ असे छापतात. मला ते पसंत नाही. त्या गृहस्थांच्या ठेवी आभासी नव्हत्या. ‘सायबर अवकाश’ म्हणावे तर आपल्या गावात पंचाईत आहे. आपण मराठीत ‘लग्नाला अजून अवकाश आहे’ म्हणतो, अंतराळालाही अवकाश म्हणतो. पण इथल्या शाळेच्या हिंदी फलकावर ‘ग्रीष्मकालीन अवकाश’ लिहिलेले असते. सायबर अवकाश वाचून आपली नातवंडे विचारतील, सुट्टी किती दिवसांची? आमच्या जैन तत्त्वज्ञानात आकाश हे सहा द्रव्यांपैकी एक द्रव्य आहे आणि त्याचे काम एकच, बाकीच्यांना सामावायला जागा देणे. त्याला अवगाह म्हणतात. गिब्सनच्या स्पेसला हा शब्द अर्थाने नेमका बसतो, पण पंडितांखेरीज कोणाला कळणार नाही.

जयंत नारळीकरांचे उदाहरण आठवते. तेही आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर, बनारसला वाढलेले. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेत त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. कथेचे नाव ‘कृष्णविवर’. हा शब्द मराठीत चालला, कारण मूळ इंग्रजी शब्दच काळे आणि भोक असा सरळ होता. पोकळ म्हणून निवडलेल्या शब्दाचे भाषांतर कशाचे करणार?

सुकाणू धरणाऱ्याला आपल्याकडे संस्कृत शब्द आहे, कर्णधार. त्यातला कर्ण म्हणजे कान नव्हे, सुकाणू. आज तो क्रिकेटच्या नाणेफेकीपुरता उरला. कोकणातला ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’, नावेचा धनी. आणि ‘सुकाणू’? तो अरबीतला ‘सुक्कान’. व्यापारी नावांतून किनाऱ्याला लागला. आज ‘सुकाणू समिती’ लिहिताना तो परका आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. सायबरलाही तसेच राहू द्यावे असे माझे मत आहे. फक्त ‘मला सायबरने गाठलं’ असे कोणी म्हणाले की त्यांना बसवून घ्या आणि १९३० हा नंबर फिरवून द्या. फसवणुकीची तक्रार त्यावर देशभरातून करता येते. जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. सभेच्या कार्यवाहांना मी तो नंबर बाहेरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितला आहे. जाताना टिपून घ्यावा.